राजाच्या पोथीतलं हसू आपलं नाही

तीनशे वर्षांपूर्वी एका मराठा राजाने ब्राह्मणाची टिंगल करणारं नाटक लिहिलं, असं कोणी सांगितलं की आपल्याला लगेच बरं वाटतं. आम्हालाही वाटलं होतं. पण मित्रहो, टाळी वाजवण्याआधी पोथी उघडून बघायला हवी.

राजा खरा, नाटकही खरं. शिवरायांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांचा मुलगा शहाजी भोसले याने १६८४ ते १७१२ या काळात तंजावरवर राज्य केलं. त्याच्या नावावर मराठी आणि तेलुगू नाटकं आहेत. त्यांपैकी 'सतीदानशूरमु' हे तेलुगू प्रहसन. पदांनी आणि पद्यांनी भरलेलं. राजघराण्याच्या ज्या सरस्वती महाल ग्रंथालयाने अशा हस्तलिखितांचा ठेवा सांभाळला, ते १९१८ साली सर्वांसाठी खुलं झालं.

गोष्ट अशी. मन्नारगुडीच्या देवळात उत्सव आहे. मोरोभट्टलू नावाचा ब्राह्मण तिथे एका अस्पृश्य स्त्रीला बघतो आणि सोवळं-ओवळं विसरून तिच्यामागे लागतो. शेवटी तिचा नवराच तिला त्याला दान देऊन टाकतो. म्हणून नाटकाचं नाव सतीदानशूर!

भटाची फजिती होते, हे मान्य. पण विनोद नेमका कशावर उभा आहे? ब्राह्मणाने अस्पृश्य बाई मागावी, हेच हास्यास्पद, यावर. आणि दान कशाचं? आमच्या बाईचं. ती कोणाच्या तरी मालकीची वस्तू, एका हातातून दुसऱ्या हातात जाणारी. हसणारे वर बसलेले, किंमत मोजणारी खाली.

याच शहाजीने तिरुविसनल्लूर हे गाव पंडितांना दान दिलं. ते पंडित मुख्यतः ब्राह्मण. म्हणजे नाटकात भटाची थट्टा आणि प्रत्यक्षात भटाला जमीन! अस्पृश्याच्या वाट्याला मात्र दानशूरपणाचा विनोद. राजाच्या थट्टेने व्यवस्थेला ओरखडाही उठला नाही, कारण ती थट्टा व्यवस्थेच्या मालकाचीच होती.

आता दुसरं हस्तलिखित बघा. १८५५ साली जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' लिहिलं. त्यातही ब्राह्मण जोशी आहे, त्याचंही ढोंग उघडं पडतं. पण तिथे फसवलं गेलेलं कुणबी जोडपं अखेर शहाणं होतं आणि शिकायला निघतं. बाई दान दिली जात नाही, ती शाळेची वाट धरते. दक्षिणा प्राईज कमिटीने हे नाटक नाकारलं. फुल्यांच्या हयातीत ते छापलंच गेलं नाही.

राजाच्या पोथीला महाल मिळाला. फुल्यांच्या वहीला नकार मिळाला. भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी गावोगाव फिरून जी गाणी म्हटली, त्यांना तर ना महाल होता ना कमिटी.

म्हणून आमचं म्हणणं स्पष्ट आहे. ब्राह्मणाला हसलं की ते साहित्य आपोआप आपलं होत नाही. कोण हसतंय, कोणाच्या जिवावर हसतंय आणि हसून झाल्यावर कोण उभं राहतंय, हे तीन प्रश्न विचारा. आणि आपल्या वस्तीतल्या एखाद्या म्हाताऱ्या शाहिराच्या घरी पत्र्याच्या पेटीत गाण्यांची वही पडली असेल, तर ती या रविवारी जाऊन उघडा. मोबाईलवर पानापानाचा फोटो घ्या, गाणं कोणाचं, कधी म्हटलं ते विचारून लिहून ठेवा. आपल्या वह्यांना वाळवी लागेल, तर ती आपल्याच डोळ्यांदेखत.

जय भीम!