‘टेन्शन येणे’ आणि ‘टेन्शन घेणे’

मनाच्या खालावलेल्या अवस्थेसाठी प्रमाण मराठीत खिन्नता, औदासीन्य, नैराश्य असे शब्द आहेत. परंतु अहिल्यानगर जिल्ह्यातील नित्याच्या बोलण्यात ते क्वचितच ऐकू येतात. तेथे ‘करमत नाही’, ‘जिवाला चैन नाही’, ‘माणूस पार खचला’ असे म्हणतात. पारनेर, कर्जत, जामखेडच्या अवर्षणप्रवण भागात भिंत खचते, विहिरीचा काठ खचतो आणि त्याच क्रियापदाने माणूसही खचतो. महाविद्यालयीन मुलांनी आपली रूपके यंत्रांकडून घेतली आहेत: ‘मूड ऑफ’, ‘डोकं हँग झालं’. ‘डाउन वाटतंय’ म्हणणाऱ्या मुलाला ‘खिन्न’ हा प्रतिशब्द सुचविण्याची शिक्षकी सवय मला अनुचित वाटते.

या सर्वांत अधिक रुळलेला शब्द म्हणजे ‘टेन्शन’. परीक्षा, कर्ज, कांद्याचा पडलेला भाव आणि कशातच न रमणारे मन, या साऱ्यांना तो पुरतो. त्याचे व्याकरण पाहण्यासारखे आहे. ‘मला टेन्शन आलं’ या वाक्यात कर्ता ‘टेन्शन’ आहे. बोलणारा केवळ अनुभवणारा, म्हणून तो चतुर्थीत. ‘मला ताप आला’, ‘मला रडू आलं’ ही वाक्ये याच साच्यातील. शब्द परका, रचना अस्सल मराठी. ऐकणारा मात्र तत्काळ म्हणतो, ‘टेन्शन घेऊ नकोस.’ येथे क्रियापदच बदलले! जे आपणहून आले होते, ते आता स्वेच्छेने ‘घेतलेले’ ठरले. म्हणजे टाकून देणेही त्याच्याच हाती. तापाने फणफणलेल्या माणसाला ‘ताप घेऊ नकोस’ असे कोणी म्हणत नाही.

सदिच्छेने दिलेला हा सल्ला संभाषण तेथेच संपवितो, असे माझे मत आहे. त्याऐवजी ‘कधीपासून?’ असे विचारावे. नैराश्याच्या प्राथमिक तपासणीसाठी जगभर वापरली जाणारी, २००१ साली प्रसिद्ध झालेली पीएचक्यू-९ ही प्रश्नावलीदेखील गेल्या दोन आठवड्यांत त्रास किती दिवस झाला, हेच विचारते. ‘मूड ऑफ’ एका संध्याकाळपुरता असेल तर गोष्ट वेगळी. तोच पंधरवडाभर टिकला, झोप आणि भूक उडाली, तर शब्दाच्या हलकेपणावर विसंबू नये. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क असून तेथे मराठीतून बोलता येते. ‘डिप्रेशन’ हा शब्द ठाऊक असण्याची तेथे आवश्यकता नाही. ‘करमत नाही’ एवढ्यानेही बोलणे सुरू होऊ शकते.