डोंगरात जाण्याआधी जीपीएस शिकून घ्या

पाऊस लागला की राहुरीतली पोरं गाड्या काढतात आणि संगमनेर, अकोले, राजूर करत हरिश्चंद्रगडाकडे किंवा कळसूबाईकडे निघतात. जरूर जा. पण या दिवसांत तिथं धुकं असं उतरतं की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. पायवाटा फुटत जातात आणि माहीतगार माणूसही वाट चुकतो. म्हणून सांगणं एवढंच, की गटात एक तरी हातातलं जीपीएस यंत्र असावं आणि ते वापरता येणारी दोन तरी माणसं असावीत.

परदेशात ही यंत्रं शिकाऱ्यांसाठी म्हणूनही विकली जातात. आपल्याकडे 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार हा गुन्हा आहे. ससा, तितर मारणंही त्यात आलं. त्या कामासाठी कुणी यंत्र मागत असेल तर त्याला स्पष्ट नाही म्हणा.

आता खरेदी. वर्षातून एकदा-दोनदा जाणाऱ्यानं नवीन यंत्र घ्यायलाच हवं असं नाही. मोबाइलमधल्या जीपीएसला रेंज लागत नाही, तो थेट उपग्रहांचे संकेत पकडतो. रेंज लागते ती नकाशा उतरवायला. तेवढा नकाशा घरीच उतरवून ठेवा आणि पॉवर बँक सोबत घ्या. मात्र पावसात ओल्या बोटांनी मोबाइलचा पडदा चालत नाही आणि चार्जिंगही भराभर उतरतं. वरचेवर जाणाऱ्यांनी म्हणून बटणांचं, पाणी न शिरणारं, बाजारात सहज मिळणाऱ्या पेन्सिल सेलवर चालणारं साधं यंत्र घ्यावं. सेलचा जादा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावा. रंगीत पडद्याच्या महागड्या यंत्रावाचून काही अडत नाही.

परदेशातला भाऊ किंवा भाचा उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र, उदाहरणार्थ गार्मिनचं इनरीच, भेट म्हणून आणतो म्हणाला, तर त्याला आणू देऊ नका. सरकारच्या परवानगीशिवाय असं यंत्र भारतात बाळगता येत नाही. विमानतळावर ते सापडल्यामुळं परदेशी प्रवाशांना पोलिसांनी ताब्यात घेतलं आहे. साधं जीपीएस फक्त संकेत घेतं, पाठवत नाही. त्याची गोष्ट वेगळी.

वापरताना तीन गोष्टी पाळा. पहिली, हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याला पाचनईत गाडी लावली की आधी उघड्यावर थांबा, यंत्राला उपग्रह सापडू द्या, तिथली खूण साठवा आणि ट्रॅक, म्हणजे चाललेल्या वाटेची नोंद, सुरू करा. मग चालायला लागा.

दुसऱ्या गोष्टीत गाठ थेट जिवाशी आहे. साठवलेल्या खुणेकडे दाखवणारा बाण सरळ रेषेत दाखवतो. मध्ये दरी आहे की कडा, हे त्याला कळत नाही. हरिश्चंद्रगडावरच्या कोकणकड्यासारख्या ठिकाणी धुक्यात नुसत्या बाणामागं जाणं म्हणजे मरण ओढवून घेणं. परतताना आपण आलो त्याच ट्रॅकच्या रेषेवरून चाला. उघड्यावर यंत्र चार-पाच मीटर इकडंतिकडं दाखवतं आणि उंच कड्याखाली किंवा घळीत त्याहून जास्त चुकतं. कड्याच्या काठावर म्हणूनच त्याच्या भरवशावर पाऊल टाकू नका.

तिसरी गोष्ट आकडे सांगण्याची. मदत मागताना अक्षांश-रेखांश कोणत्या पद्धतीनं सांगतोय ते बोला. राहुरी साधारण 19.39 अंश उत्तरेला आहे. ऐकणाऱ्यानं ते 19 अंश 39 मिनिटं असं लिहून घेतलं, तर तो सुमारे 29 किलोमीटर उत्तरेला, श्रीरामपूरच्याही पुढं शोधत बसेल. ‘एकोणीस दशांश तीन नऊ अंश’ असं पूर्ण म्हणा आणि समोरच्याकडून परत म्हणवून घ्या. रेंज मिळाली की 112 लावा.

यंत्र आणलं की पहिल्या रविवारी डोंगरावर धावू नका. मुळा धरणाच्या परिसरात किंवा आपल्याच शिवारात खूण साठवा, लांब चालत जा आणि फक्त ट्रॅक पाहत परत या. घरी कुठून चढणार, कधी उतरणार ते कागदावर लिहून ठेवा. आणि गावातला वाटाड्या मिळत असेल तर त्याची मजुरी वाचवू नका, कारण त्याला वाट ठाऊक असते आणि यंत्राला फक्त जागा.