बारा महिन्यांचा पाहुणा

‘सरकारी काम आणि सहा महिने थांब’ ही म्हण आपण इतक्या सहजपणे उच्चारतो की तिच्यातील डंख आता जाणवेनासा झाला आहे. सातबाराचा उतारा रखडला, शिधापत्रिकेवर नाव चढले नाही, तर आपण चरफडतो, हेलपाटे घालतो. पण आपले या भूमीवर असणे काही त्या कागदावर टांगलेले नसते. ज्याला येथे राहण्याची परवानगीच मुळी बारा महिन्यांची मिळते, त्या परदेशी माणसाने सहा महिने थांबायचे म्हणजे काय, याचा विचार आपल्या धर्मग्रामांतून क्वचितच होतो. आमचे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. परक्याला ‘येथे राहू नकोस’ असे सांगण्याचा अधिकार सरकारला आहे. त्याच्या अर्जावर मौन धरून बसण्याचा अधिकार मात्र कोणत्याही सरकारला नाही.

आपल्या पन्हाळ्याचेच उदाहरण घ्या. गडावर एखादा परदेशी धर्मगुरू, अभ्यासक वा वृद्ध परिचारिका वास्तव्य करून असेल, तर तिची वा त्याची नोंद ठेवणारा अधिकारी म्हणजे जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक. म्हणजे वीस किलोमीटर खाली, कोल्हापुरात. २०१८ पासून अर्ज संगणकावरून करता येतो, ही सोय खरीच. परंतु पारपत्र, छायाचित्र, राहत्या जागेचा पुरावा, संस्थेचे हमीपत्र हे सारे दर खेपेस नव्याने जुळवावे लागते. परदेशी पाहुणा घरी उतरला तर चोवीस तासांच्या आत त्याची माहिती विहित नमुन्यात भरण्याची जबाबदारी यजमानावर असते. ती केवळ हॉटेलवाल्यांवर आहे, असा अनेक कुटुंबांचा गोड गैरसमज आहे. नियमाच्या या बाजूला तास मोजले जातात. दुसऱ्या बाजूला, म्हणजे अर्जाला उत्तर देण्याच्या बाजूला, महिनेसुद्धा कोणी मोजत नाही. सिद्दी जौहरचा पन्हाळ्याचा वेढा १६६० साली सुमारे चार महिने चालला. फायलीचा वेढा त्याहून चिवट असू शकतो, आणि त्यातून निसटायला विशाळगडाची वाट नसते.

या वेढ्यात माणसाचे काय होते? परवानगीचा कागद जुना झाला की बँक विचारणा करू लागते. मायदेशी आई अत्यवस्थ असल्याचा निरोप आला, तर निघावे की नाही हा प्रश्न पडतो. कारण एकदा सीमा ओलांडली की परतता येईलच याचा भरवसा नाही. दवाखान्यातील बाई पुढच्या पावसाळ्याची औषधे मागवीत नाही. शाळेतील धर्मगुरू नवा वर्ग उघडत नाही. नकार आला असता तर त्याने सामान बांधले असते, होकार आला असता तर कामाला लागला असता. मौन त्याला दोन्हींपैकी काहीच करू देत नाही.

याच कोल्हापूरने एकेकाळी परक्यांना कसे वागविले, ते आठवावे. १९४३ साली वळिवडे येथे पोलिश निर्वासितांची छावणी उभी राहिली. सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडातून हद्दपार केलेली, इराणमार्गे भारतात पोहोचलेली सुमारे पाच हजार माणसे, बहुतांशी स्त्रिया आणि मुले, आणि बहुतेक सारी कॅथलिक. छावणीत शाळा होत्या, दवाखाना होता, चर्च होते. हवापालटासाठी मुले पन्हाळ्यावर येत. पुढे १९४५ च्या जुलैत ब्रिटनने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली आणि या माणसांच्या कागदपत्रांमागे उभे असलेले सरकारच नाहीसे झाले. आजच्या दृष्टीने पाहता ती एका रात्रीत ‘अवैध’ ठरावयास हवी होती. तसे झाले नाही. देश स्वतंत्र झाला, फाळणीचा वणवा पेटला, तरीही १९४८ पर्यंत त्यांना येथे थारा मिळाला, आणि जो तो आपापल्या मार्गाने, कोणी इंग्लंडला, कोणी आफ्रिकेत, कोणी पोलंडला, रवाना झाला. त्यांच्यामागून त्याच जागेवर सिंधी निर्वासित आले आणि गांधीनगर वसले. ही सारी निव्वळ कोल्हापूरकरांची पुण्याई होती असे आम्ही म्हणत नाही. छावणी युद्धकाळाची सोय होती आणि तिचा खर्च संस्थानाने उचललेला नव्हता. पण कागद अपुरा असला तरी माणूस अपुरा ठरत नाही, एवढे तारतम्य त्या व्यवस्थेपाशी होते.

आता एका वेगळ्या प्रकरणाकडे वळतो, कारण आमच्या मते साऱ्या प्रश्नाची गाठ तेथे आहे. लुई डी रेड्ट हे बेल्जियमहून १९३७ साली भारतात आलेले मिशनरी. राहण्याचा परवाना वेळोवेळी नूतन करून घेत ते पन्नास वर्षे येथे राहिले. १९८७ साली मुदतवाढ नाकारली गेली आणि देश सोडण्यास सांगण्यात आले. ते सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९१ साली निकाल लागला : परदेशी माणसाला जीविताचे व स्वातंत्र्याचे संरक्षण आहे, परंतु या देशात वास्तव्य करण्याचा मूलभूत हक्क नाही, आणि राज्यघटना लागू होण्यापूर्वीपासूनचे त्यांचे वास्तव्य दीर्घ असले तरी येथे कायमचे स्थायिक होण्याचा इरादा त्यावरून सिद्ध होत नाही. कायद्याच्या चौकटीत निकाल बिनचूक असेल. तरीही त्यातील क्रूर गंमत पाहा. राज्य त्याला दर वेळी मोजून-मापून मुदत देते, तो निमूटपणे ती घेतो, आणि पन्नास वर्षांनंतर त्याला सांगितले जाते की तुझा कायम राहण्याचा इरादा कोठे दिसत नाही! फादर स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि त्यांचे ख्रिस्तपुराण छापले गेले १६१६ साली. मध्ये सदतीस वर्षे गेली. सदतीस वेळा अर्ज करावा लागला असता, तर मराठीच्या वाट्याला ते पुराण आले असते काय, असा खट्याळ प्रश्न आमच्या मनात येतो.

मनमाडचे प्रकरण आपल्यातील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. १९५२ साली भारतात आलेल्या व्हिसेंट फेरर या स्पॅनिश जेज्वीटाने तेथील शेतकऱ्यांबरोबर विहिरी खोदल्या. १९६८ साली त्यांना देश सोडण्याचा आदेश निघाला, तेव्हा शेतकरी मनमाडहून मुंबईपर्यंत चालत गेले. इंदिरा गांधींनी लक्ष घातले आणि फेरर १९६९ साली परतले. पण महाराष्ट्रात नव्हे, आंध्रातील अनंतपूरला. पुढे त्यांनी संघ सोडला, विवाह केला, आणि २००९ साली मृत्यू येईपर्यंत ते त्याच दुष्काळी मुलखात राबले. मनमाडने माणूस गमावला, अनंतपूरने मिळविला. ज्यांच्यासाठी हजारो पाय चालले नाहीत त्यांची गोष्ट निराळी. २०१९ साली ओडिशात अनेक दशके रुग्णसेवा केलेल्या ८६ वर्षांच्या स्पॅनिश धर्मभगिनीला मुदतवाढीअभावी देश सोडावा लागला.

कोणी म्हणेल, देशाची सुरक्षितता आहे, व्हिसाचा गैरवापर करणारेही असतात. असतात. त्यांना शोधावे, कारण सांगावे, परत पाठवावे. आमची हरकत नाही. पण मौनाने गैरवापर करणारा सापडत नाही, त्याला तर उलट वेळ मिळतो. मौनाने भरडला जातो तो नियमाने चालणारा. आणखी कोणी म्हणेल, आता परदेशी मिशनरी उरले आहेत तरी किती? थोडेच. म्हणूनच आम्हांला आपल्या समाजाविषयीही बोलावयाचे आहे. एखाद्या फादरला निरोप द्यायची वेळ आली की धर्मग्राम हळहळते, हार घालते, छायाचित्रे काढते. पण फाळणीच्या पुष्कळ नंतर पाकिस्तानातून आलेले सिंधी याच महाराष्ट्रात दीर्घ मुदतीच्या व्हिसावर वर्षानुवर्षे राहिले. त्यांच्या खेटरांचा आवाज आपल्या कानी कधी पडला? आपल्या धर्मभगिनीपुरती मागितलेली दया ही न्यायाची मागणी होत नाही, ती वशिल्याची मागणी होते. आणि वशिला हा तर या रोगाचाच भाग आहे.

हा अनुभव आपल्या घरांना अपरिचितही नाही. वसईच्या, कोल्हापूरच्या कितीतरी मुली कुवेत-सौदीत परिचारिका आहेत. इकाम्याच्या नूतनीकरणाला उशीर झाला की त्या रात्री जागून फोन करतात, आणि आपण त्या देशाला नावे ठेवतो. अमेरिकेत ग्रीन कार्डाच्या रांगेत उभे असलेले भाचे-पुतणे तेथील कचेरीचा उद्धार करतात. तो राग रास्त आहे. तोच राग पोटात ठेवून आपल्या दारच्या परक्याकडे पाहिले, तर आम्ही काय म्हणतो ते निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

१ सप्टेंबर २०२५ पासून देशात नवा आप्रवास व परदेशी नागरिक कायदा लागू झाला. १९३९ चा नोंदणीचा आणि १९४६ चा परदेशी नागरिकांचा असे जुने कायदे रद्द झाले. इंग्रजांचे कायदे गेले याचे स्वागत आहे. इंग्रजी अमदानीतील बेपर्वाई त्यांच्याबरोबर गेली की नाही, हे टेबलावरच्या अर्जांवरून ठरेल. महाराष्ट्राने २०१५ साली लोकसेवा हक्क अधिनियम करून दाखविला आहे : अधिसूचित सेवेला मुदत, मुदत टळली तर अपील, कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड. दाखल्यासाठी हे शक्य असेल तर वास्तव्याच्या परवानगीसाठी का नाही? विषय केंद्राचा आहे, म्हणून मागणी केंद्राकडे जावयास हवी : अर्ज वेळेत आला असेल तर ठराविक दिवसांत लेखी उत्तर, नकार असल्यास त्याचे कारण, आणि उत्तर येईपर्यंत अर्जदार कायदेशीर रहिवासी समजला जावा. बारा वर्षांच्या वास्तव्यानंतर नागरिकत्वाची वाट कायद्यात आहे. ज्यांना ती धरावयाची आहे त्यांची कागदपत्रे जुळवून देण्यास धर्मप्रांताने एखादा जाणता वकील नेमावा, दर खेपेला संस्थेच्या कारकुनावर भार टाकू नये.

आपल्या खासदारांकडे हे पत्र धर्मग्राम-समित्यांनी पावसाळी अधिवेशनापूर्वी न्यावे. सोबत सिंधी बांधवांपैकी कोणी येत असेल तर अवश्य घ्यावे. पत्र हातात द्यावे, आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नये.