मोरीतले ॲसिड आता बंद करूया

१४ एप्रिल जवळ आला की आपल्या वस्त्यांत घरोघरी साफसफाई सुरू होते. फळीवरची भांडी खाली येतात, पडदे धुतले जातात, तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरी पुसून पुन्हा लावल्या जातात. शेवटी पाळी येते मोरीची. कोपऱ्यातली ॲसिडची बाटली निघते, टाइल्सवर ओतली जाते, फसफसून फेस येतो आणि आपण म्हणतो, "बघा, कसा मळ निघतोय!"

तो फेस बहुतेक मळाचा नसतो. दोन टाइल्समधला सांधा सिमेंटचा, म्हणजे त्यात चुना असतो. ॲसिड चुन्यावर पडले की फसफसते आणि सांधा थोडा थोडा विरघळतो. टाइल चकाकते, पण सांधा पोकळ होतो. त्या पोकळीत साबणाचा मळ, तेलकटपणा आणि बुरशी बसते. महिन्याभरात रेघ पुन्हा काळी, की पुन्हा ॲसिड. जितके ॲसिड जास्त, तितकी रेघ लवकर काळी.

चाळीत, बैठ्या घरात हे एकवेळ चालून गेले. आता आपली कितीतरी कुटुंबे एसआरएच्या इमारतींत गेली आहेत. कुणाचे घर २२५ चौरस फुटांचे, कुणाचे २६९, नव्या योजनेत ३००. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरातही पुनर्विकास हाती घेतला आहे. अशा घरात पोकळ सांध्यातून मुरलेले पाणी खालच्या घराच्या छताला ओल आणते, स्लॅबमधल्या सळ्या गंजवते आणि शेजाऱ्याशी भांडण लावते. ओलीतली बुरशी दम्याच्या माणसाला आणि लहान मुलांना त्रास देते.

त्याहून मोठा धोका श्वासाचा आहे. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. १९१५ साली पहिल्या महायुद्धात सैनिकांवर सोडला होता, तोच हा वायू. "दोन्ही टाकले की जास्त स्वच्छ" हा समज जिवावर बेतू शकतो. चुकून असे झाले तर आवरत बसू नका. दार उघडून मोकळ्या हवेत या. खोकला किंवा धाप थांबत नसेल तर लगेच दवाखाना गाठा. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये खुल्या ॲसिडविक्रीवर निर्बंध घातले. विकत घेणाऱ्याचे ओळखपत्र पाहून वहीत नोंद करायची, असा तो आदेश आहे. तरी गल्लीत हातगाडीवर बाटली मिळतेच.

हा धूर ओढतो कोण? घरात आई, ताई, सूनबाई. आणि अंधेरी-मुलुंडच्या टॉवरमध्ये घरकामाला आणि सफाईला जाणाऱ्याही आपल्याच भगिनी. "हातमोजे द्या, खिडकी उघडा, ॲसिड वापरणार नाही" असे मालकिणीला सांगणे हा उद्धटपणा नाही, तो आपला हक्क आहे. पण हे बाहेर ठणकावून सांगायचे, तर आधी आपल्या घरातली बाटली गेली पाहिजे.

मग करायचे काय? खाण्याच्या सोड्यात थोडे पाणी घालून लगदा करा, सांध्यांवर लावा, दहा-पंधरा मिनिटांनी जुन्या टूथब्रशने घासा आणि धुवा. तारेचा ब्रश नको, लिंबू-व्हिनेगरही नको. तीही आंबटच, सांधा खातात. नंतर मोरी पूर्ण वाळू द्या. जिथे सांधा भुसभुशीत झाला आहे तिथला जुना माल खरवडून काढा आणि टाइल ग्राउट भरा. नुसते व्हाइट सिमेंट आकसून तडकते. ग्राउट हार्डवेअरच्या दुकानात मिळते, लहान मोरीला एक किलोचे पाकीट बहुधा पुरते. हातमोजे घाला, सिमेंटने कातडी सोलते.

पाकिटावर लिहिलेली मुदत संपून सांधा सुकला की वरून ग्राउट सीलर लहान ब्रशने लावा. टाइलवर सांडलेले लगेच पुसा. सुकल्यावर सांध्यावर पाण्याचे दोन थेंब टाकून पाहा. थेंब वर राहिला तर काम झाले, मुरून सांधा काळपट झाला तर आणखी एक हात द्या. इपॉक्सी ग्राउट भरले असेल तर सीलर लागत नाही. मात्र पाइपच फुटला असेल तर सीलरने गळती थांबणार नाही, तिथे प्लंबरच हवा.

हे काम एप्रिल-मेमध्येच करा. पावसाळ्यात मोरी वाळत नाही. काही दिवस अंघोळीला शेजारच्या घरी जावे लागेल, तेवढी शेजारधर्माची सोय आपल्याकडे अजून आहे. सीलरची एक बाटली मजल्यावरच्या तीन-चार घरांनी मिळून घेतली तर कुणालाच भार नाही. महिला मंडळांनी विहारातल्या बैठकीत हा विषय घ्यावा, अशी आमची विनंती आहे.

यंदाच्या जयंतीला घर चकचकीत दिसू द्या, पण ते चकचकीत करणाऱ्या माउलीचा श्वास राखून. जय भीम!