कागद नाही म्हणून माणूस परका ठरत नाही

नाशिक जिल्ह्यातील नागरिकांना,

मालेगावात उशिरा काढलेल्या जन्मदाखल्यांच्या चौकशीसाठी जानेवारी २०२५ मध्ये विशेष तपास पथक नेमले गेले. खोटा दाखला देणारा आणि घेणारा, दोघांनाही शिक्षा झालीच पाहिजे. माझा विरोध आहे तो या चौकशीच्या आडून गावोगावी पसरलेल्या समजाला : जन्माची नोंद सापडत नाही, म्हणजे माणूस सीमेपलीकडचा. हे ज्या जिल्ह्यात बोलले जाते, तो लढायांनी कितीदा उठवला आणि कितीदा नव्याने वसवला, याचा आपल्याला विसर पडला आहे.

नाशिक जिल्हा १८६९ साली अहमदनगर आणि खानदेशाचे तालुके जोडून झाला. मालेगाव-बागलाणचा मुलूख त्याआधी खानदेशात होता. १८०२ मध्ये होळकरांच्या फौजांनी खानदेश तुडवला, पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ आला, मग पेंढारी आले. १८१८ मध्ये इंग्रजांनी मालेगावच्या किल्ल्याला वेढा घालून तो घेतला, तेव्हा खानदेशात गावेच्या गावे ओस होती. पुढे १८५७ चा उठाव चिरडला गेला आणि उत्तरेतले मोमीन विणकर दडपशाहीपासून जीव वाचवत आग्रा रोडने खाली उतरले. मालेगावात मोसम नदीच्या काठी त्यांनी हातमाग मांडले. त्या मागांवरची रंगीत काठापदराची लुगडी महाराष्ट्रातल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या नेसली. ही माणसे पाठीवर बिऱ्हाड घेऊन आली. त्यांच्या गाठोड्यात दाखला कुठून असणार?

फाळणीनंतर हेच पुन्हा घडले. सिंधमधून आलेल्या निर्वासितांना मुंबई सरकारने कल्याण, पिंपरी, विसापूरप्रमाणे देवळालीच्या छावणीतही ठेवले. घराचे खरेदीखत कराचीत किंवा शिकारपुरात राहिलेले, आणि इथे लष्करी बराकीत कुटुंबाच्या वाट्याला पडद्याने वेगळा केलेला एक कोपरा. सरकारने त्यांना खोटारडे म्हटले नाही. १९५० मध्ये मागे राहिलेल्या मालमत्तेच्या दाव्यांसाठी कायदा केला, क्लेम अधिकारी नेमले. जिथे उतारा मिळाला तिथे उताऱ्यावरून आणि जिथे मिळाला नाही तिथे शपथपत्र आणि जुन्या शेजाऱ्याची साक्ष घेऊन दावे तपासले. काहींनी आकडे फुगवले होते. अधिकाऱ्यांनी ते दाव्यागणिक कापले. फुगवलेल्या दाव्यांमुळे सगळी छावणी संशयित ठरली नाही.

कोणी म्हणेल, सिंधी निर्वासित कुठून आले ते जगाला माहीत होते, मालेगावचे तसे नाही. पण मालेगावचा विणकरही कुठून आला हे ठाऊक आहे, आणि तो तर देशातल्या देशातच आला. दुसरा आक्षेप देशाच्या सुरक्षेचा आहे, आणि तो गंभीर आहे. म्हणूनच विचारतो : सबंध शहरावर बोट ठेवल्याने घुसखोर सापडतो, की गर्दीत लपतो? घुसखोर शोधायचा तर एकेका अर्जाच्या मुळाशी जावे लागते : शाळा सोडल्याचा दाखला, जुनी मतदारयादी, घरपट्टीची पावती, बापाची कबरस्तानातली नोंद, गल्लीतल्या म्हाताऱ्यांचे जबाब. हे काम कष्टाचे आहे; घोषणा देणे सोपे आहे.

आणि ‘नोंद नाही म्हणजे परका’ हा नियम एकट्या मालेगावला लावता येत नाही. सुरगाणा-पेठच्या पाड्यांवर घरीच बाळंतपण झालेल्या, द्राक्षबागांच्या हंगामाला दरसाल स्थलांतर करणाऱ्या किती कोकणा आणि महादेव कोळी कुटुंबांकडे जुनी जन्मनोंद निघेल? त्यांचे वनहक्काचे दावे तपासताना तर २००६ च्या कायद्याखालचे नियम गावातल्या जाणत्यांचा लेखी जबाबही पुरावा मानतात. जमिनीसाठी जो जबाब चालतो, तो माणसाच्या जन्मासाठी का चालू नये?

म्हणून जिल्हा प्रशासनाकडे मागणी आहे : संशयित प्रत्येक दाखल्याची सुनावणी स्वतंत्र व्हावी, अर्जदाराला नोटीस त्याच्या भाषेत मिळावी, साक्षीदार आणण्यास पुरेशी मुदत मिळावी आणि दाखला रद्द करायचा तर कारण लेखी द्यावे. चुकीचा दाखला देणाऱ्या अधिकाऱ्यावरही तितक्याच तत्परतेने कारवाई व्हावी. या मागणीवर मालेगावइतक्याच देवळाली, पेठ आणि सुरगाण्याच्या सह्या हव्या आहेत.