पिकअपचे नाक खाली आहे, ते खालीच राहू द्या

धंद्याची गाडी म्हणजे चालते-फिरते दुकान. आमच्या बिरसी भागातून आमगाव, सालेकसा, देवरी, गोरेगावकडे बाजार करणाऱ्या कापडवाल्याचे, भांडीवाल्याचे किंवा लोहाराचे सारे गणित तिच्यावर चालते. पावसाळ्यात धानाच्या बांध्यांमधून जाणारे रस्ते चिखलाने भरतात. म्हणून ज्यांची ऐपत आहे ते चारही चाकांना इंजिनाचा जोर देणारी, म्हणजे ‘फोर बाय फोर’ पिकअप घेतात. बोलेरो कॅम्पर, इसुझूची व्ही-क्रॉस किंवा २०२२ साली भारतात आलेली टोयोटाची हायलक्स ही त्यातली ठळक नावे.

अशी गाडी रिकामी उभी असली की तिचा पुढचा भाग मागच्यापेक्षा थोडा खाली दिसतो. मालकाला, विशेषतः त्याच्या तरुण मुलाला, ते खटकते. मग मिस्त्रीकडे जाऊन पुढच्या स्प्रिंगवर जाड चकती बसवायची, किंवा टॉर्शन बार असेल तर त्याचा बोल्ट आवळायचा, आणि पुढची बाजू दीड-दोन इंच उचलून गाडी ‘लेव्हल’ करायची. काम काही तासांचे आणि खर्चही फार नाही, म्हणून ही हौस वाढते. माझे स्पष्ट मत असे आहे की माल वाहणाऱ्याने या फंदात पडू नये.

कारण साधे आहे. पिकअपचे नाक चुकून खाली राहिलेले नसते, कंपनीने ते जाणूनबुजून तसे ठेवलेले असते. मागे कमानपाटे असतात आणि ते हौद्यातल्या वजनासाठी बसवलेले असतात. कापडाच्या गठाणी चढल्या की पाटे दबतात, मागची बाजू बसते आणि गाडी आपोआप सपाट होते. म्हणजे रिकाम्या गाडीची मागची उंची ही मालासाठी राखून ठेवलेली जागा आहे. पुढची बाजू आधीच उचलून ठेवली तर माल भरल्यावर गाडी मागे बसणार आणि नाक आभाळाकडे जाणार. पुढच्या चाकांवरचा भार कमी होतो, स्टिअरिंग हलके पडते आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक मारताना गाडी हातात राहत नाही.

आमच्या बिरसीला विमानतळ आहे. इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधलेल्या या धावपट्टीवर आज नवे वैमानिक तयार होतात. विमान हवेत जाण्याआधी किती वजन कुठे ठेवले आहे याचा हिशेब वैमानिकाला करावाच लागतो. वजन फार मागे गेले तर विमान आवरत नाही. जमिनीवरच्या गाडीला हा नियम इतका कडक लागत नाही, पण लागतो जरूर.

आता दिव्यांचा हिशेब पाहा. व्ही-क्रॉस किंवा हायलक्सच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत सुमारे ३.१ मीटर अंतर आहे. पुढची बाजू २ इंच, म्हणजे ५ सेंटिमीटर उचलली की दर १० मीटरला प्रकाश सुमारे १६ सेंटिमीटर वर जातो. डिपरचा झोत साधारणपणे दर १० मीटरला १० सेंटिमीटर खाली उतरावा असा लावलेला असतो. म्हणजे खाली उतरणारा झोत आता वर चढू लागला. त्यात मागे माल भरला तर तो आणखी चढतो. रात्री बाजार आटोपून परतताना समोरून येणाऱ्या सायकलवाल्याच्या, बैलगाडीवाल्याच्या डोळ्यांत तो थेट शिरतो. त्याला रस्ता दिसत नाही आणि आपल्यालाही जवळचा खड्डा दिसत नाही. दिवे पुन्हा खाली करून घेता येतात हे खरे, पण चकती बसवून गाडी तशीच बाहेर काढणारेच जास्त.

पुढच्या चाकांना जोर देणारे दांडेही आहेत. गाडी उचलली की त्यांचा कोन तिरपा होतो. सांध्यांवरची रबरी टोपणे ताणली जाऊन लवकर फाटतात, ग्रीस बाहेर येते आणि चिखल आत जातो. बॉल जॉइंट आणि टायरॉडवरही ताण येतो. अनेक गाड्यांत स्प्रिंगवर १ इंचाची चकती लावली की चाकापाशी जवळजवळ २ इंच उंची वाढते, तेव्हा ‘थोडेसेच उचलले’ असे म्हणण्यात अर्थ नाही. अलाइनमेंट केली नाही तर टायर एका कडेने झिजतात. चार पैसे वाचवायला घेतलेली गाडी चार ठिकाणी पैसे खाते.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. अपघात झाल्यास विमा कंपनीला हरकत घ्यायला हाच मुद्दा पुरतो. माल उधारीचा असेल तर पुढचे काय ते व्यापाऱ्याला सांगायला नको.

अमेरिकेत ही हौस जुनी आहे, पण तिथेही तिला लगाम घालावा लागला. नॉर्थ कॅरोलिना राज्याने २०२१ मध्ये पुढचा मडगार्ड मागच्यापेक्षा ४ इंच किंवा त्याहून उंच केलेल्या गाड्यांना रस्त्यावर बंदी केली. व्हर्जिनिया आणि साउथ कॅरोलिना यांनीही पुढे असेच कायदे केले. नाक उचललेली पिकअप माल भरून निघाली की ती त्याच दिशेने झुकते.

मग नाक खाली आहे त्याकडे बघायचेच नाही का? बघायचे, पण टेप घेऊन. सपाट जागी रिकामी गाडी उभी करा आणि प्रत्येक चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतची उंची लिहून ठेवा. नेहमीचा माल भरून पुन्हा मोजा. भरलेली गाडी सपाट किंवा नाकाकडे किंचित उतरती दिसली तर काही करू नका. पुढची एक बाजू दुसरीपेक्षा खाली असेल तर स्प्रिंग थकली आहे, तिच्या जागी कंपनीच्या मापाचीच नवी घाला. रिकामी असतानाच मागची बाजू बसलेली असेल तर पाटे गेले आहेत. आणि आरसी बुकातल्या वजनाच्या वर माल भरत असाल तर दोष गाडीचा नाही.

हौसेला मोल नसते म्हणतात, पण धंद्याच्या गाडीत नाकापेक्षा मोती जड होऊ देऊ नये. मुलगा गाडी लेव्हल करायचा हट्ट धरील तर त्याला माल भरलेली गाडी दाखवा. ती लेव्हलच उभी असेल. उरलेला पैसा चांगल्या टायरांवर आणि ब्रेकवर खर्च करा.