माहेर आणि हक्कसोड

शाळा उघडायला आठवडा उरला होता. घरात कोणालाच सवड नव्हती, म्हणून एकटीच स्कूटर काढली. भिवंडीहून कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ आणि मग बदलापूर गाव. हे अम्मीचं माहेर. आमच्या लहानपणी सुट्टी म्हणजे बदलापूरच.

आज बदलापूर म्हटलं की स्टेशन, लोकलची गर्दी आणि उंच इमारती आठवतात. तो भाग कुळगावचा. जुनं गाव स्टेशनपासून पश्चिमेला, उल्हास नदीच्या अंगाला आहे. इथे घोडे बदलत म्हणून बदलापूर, असं नाना सांगायचे. वाटेत उल्हासनगर लागतं. फाळणीत सिंधमधलं घरदार सोडून आलेल्यांना तिथल्या लष्करी छावणीत आसरा मिळाला आणि १९४९ साली त्या छावणीला हे नाव मिळालं. त्या लोकांना आपलं घर परत पाहताही आलं नाही. मला निदान जाता तरी येत होतं.

पण पाहायला घर नव्हतंच. नानांचं कौलारू घर, ओटा, मागची विहीर, यांच्या जागी चार मजली इमारत उभी आहे. वॉचमनने विचारलं, "कोणाकडे जायचंय?" सांगायला माझ्याकडे नाव नव्हतं. शेजारच्या काकूंनी मात्र चेहऱ्यावरून ओळखलं. आत बसवलं आणि ताटलीभर जांभळं पुढे ठेवली. बदलापूरच्या जांभळाची चव तीच आहे, अल्हम्दुलिल्लाह.

नानांचा इंतकाल झाला तेव्हा मागे नानी, एक मामू, अम्मी आणि खाला होत्या. शरीयतचा हिशेब सोपा आहे. मालमत्तेचे ३२ भाग केले तर नानीचे ४, मामूंचे १४, अम्मीचे ७ आणि खालाचे ७. प्रत्यक्षात चाळिसाव्याच्या आतच दोघी बहिणींनी हक्कसोड पत्रावर सह्या केल्या. कोणी धमकावलं नाही. "भावाकडून हिस्सा घेतला तर माहेर तुटतं," एवढं एकच वाक्य पुरेसं होतं. नानी गेल्यावर काही वर्षांतच घर बिल्डरकडे गेलं. कागद कायदेशीर होता, म्हणून कोणाला विचारायची गरज पडली नाही. ज्या माहेरासाठी अम्मीने हिस्सा सोडला, ते माहेरही गेलं आणि हिस्साही.

सूरह अन-निसाच्या सातव्या आयतीत अल्लाहने पुरुषांबरोबर स्त्रियांचाही वाटा ठेवला आहे, मालमत्ता थोडी असो वा जास्त. अकराव्या आयतीत मुलीचा वाटा ठरवून दिला आहे. आपल्या देशात १९३७ च्या शरीयत कायद्याने, मुलींना वारसा नाकारणारे रिवाज बाजूला सारले. हक्क आहे, कायदा आहे. अडतं ते आपल्या घरात.

बहिणीने खुशीने आपला हिस्सा भावाला दिला तर त्यात काही वावगं नाही. पण खुशी कशाला म्हणायची? हिस्सा किती, त्याची किंमत किती, हे तिला माहीत हवं. तो आधी तिच्या हातात यायला हवा. मग ती तो ठेवेल, देईल किंवा सदका करेल. नातं तुटेल या भीतीने केलेल्या सहीला रजामंदी कसं म्हणणार?

आणि ज्या नात्याची किंमत कागदावरची सही असते, ते नातं सहीनंतरही तितकंच कच्चं राहतं. माझ्या ओळखीत असेही भाऊ आहेत ज्यांनी बहिणींना पै न् पै मोजून दिली. त्यांच्या घरी ईदला बहिणी आजही हक्काने जातात.

भगिनींनो, वडील हयात असतानाच हा विषय घरात मोकळेपणाने निघू द्या. भावांनो, मय्यतीच्या घरात बहिणीपुढे कोरा कागद आणि पेन ठेवू नका. तिला आधी आकडा सांगा.